घाटपोथीच्या कपाळावरचे दोन पोपट

मित्रांनो, मी एक जुनी घाटपोथी आहे, बिडीची जाहिरात नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आजवर ज्याने मला हातात घेतलं त्याने पहिला प्रश्न हाच विचारला, की बाई, तुझ्या अंगावर हे पोपटांचे हिरवे डाग कसले? उत्तर देता देता मी थकले आहे. आज एकदाच सगळं सांगते, नीट ऐका, आणि मध्येच हसू नका. हसण्यासारखं त्यात पुष्कळ आहे, पण ते माझ्या जिवावर बेतलं होतं. माझ्या एकटीच्याच नाही.

वैनगंगेच्या काठी पाथरटोला नावाचं आमचं लहानसं गाव. पलीकडच्या काठाने सिहोऱ्याच्या बाजाराकडे जाता येतं. मध्ये नदी. गावाला दगडी घाट, घाटाला बारा पायऱ्या. या घाटावर खुशाल नावाचा नावाडी डोंगा चालवत असे. त्याचा बापही तेच करायचा आणि आजाही तेच. पाण्याखाली कुठे खडक आहे, कुठे भोवरा फिरतो, किती पायऱ्या बुडाल्या की डोंगा कुठून सोडायचा आणि किती माणसं बसवायची, हे सगळं या घराण्याच्या डोक्यात होतं. कागदावर एक ओळ नव्हती. खुशालचे डोळे अधू व्हायला लागले तेव्हा गावातल्या शाळेचे केशवराव गुरुजी काळजीत पडले. खुशालचा मुलगा इश्वर नाकाडोंगरीच्या बाजूला खाणीवर कामाला लागला होता आणि महिन्यातून एकदा घरी येत होता. म्हातारा गेला की नदी त्याच्याबरोबर जाणार, हे गुरुजींनी ओळखलं.

१९७३ च्या उन्हाळ्यात नदी खूप आटली होती. रोज सकाळी गुरुजी आणि खुशाल कोरड्या पात्रात उतरायचे. खुशाल काठीने एकेका खडकाला टोकायचा आणि गुरुजी वहीत टिपायचे. ऊन चढलं की दोघं गुरुजींच्या घरी, बुद्धाच्या तसबिरीखाली चटईवर बसून उरलेलं लिहायचे. मी तिथे जन्माला आले. मला त्या चटईचा आणि मालनबाईंच्या काळ्या चहाचा वास अजून आठवतो. मालनबाई म्हणजे गुरुजींच्या पत्नी. दोघे मिळून एवढं काय लिहितात, असं त्या विचारायच्या आणि उत्तर न ऐकताच पुन्हा चहा टाकायला जायच्या.

खुशालने माझ्या बाबतीत एकच हट्ट धरला होता. तो म्हणाला, "एका पायरीले एक पान. मांगून कोरं ठेवजा. मले वाचता येत नाई, पण मोजता येते." गुरुजींनी तसंच केलं. ज्या दिवशी जितक्या पायऱ्या बुडाल्या असतील तितकी पानं अंगठ्याने मोजायची, ते पान उघडायचं आणि डोंग्यातल्या ज्या प्रवाशाला वाचता येत असेल त्याच्या हातात द्यायचं. त्याने मोठ्याने वाचायचं, सगळ्यांनी ऐकायचं, मगच बांबू पाण्यात जायचा. प्रत्येक पानाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात त्या पायरीचं नाव होतं: पायरी पहिली, पायरी दुसरी. खालच्या मजकुरात आकडा पुन्हा लिहिलेला नव्हता. डोक्यावर लिहिलंय तर पुन्हा कशाला, असा गुरुजींचा शाळामास्तरी हिशेब.

नववं पान सांगायला खुशालला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी तो फक्त भावाबद्दल बोलला. त्याचा थोरला भाऊ नऊ पायऱ्या बुडाल्या असताना डोंगा घेऊन गेला होता. डोंग्यात एका लग्नाचे वऱ्हाडी होते. त्यातलं कोणीच परत आलं नाही. दुसऱ्या दिवशी खुशालने नववं पान एका दमात सांगितलं आणि उठून नदीकडे निघून गेला. गुरुजींनी ते त्याच्याच शब्दांत उतरवलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

तुमसरच्या एका छापखान्यात माझ्या शंभर प्रती निघाल्या. मागची बाजू कोरी ठेवायची म्हटल्यावर छापखान्याचा मालक गुरुजींकडे असं पाहत राहिला, जणू त्यांना उन्हाचा तडाखा बसला असावा. पण त्याने छापलं. कव्हरवर साध्या दोन ओळी: 'घाटपोथी. सांगणार खुशाल, लिहिणार केशवराव.' खुशालने आपल्या नावावरून बोट फिरवलं आणि कोणतं अक्षर 'खु' आहे ते विचारून घेतलं. त्या दिवशी त्याला झालेला आनंद मी पाहिला आहे. त्या शंभरांतली पहिली प्रत म्हणजे मी, आणि मी डोंग्यात राहायला गेले. गुरुजींनी एक प्रत घरी ठेवली आणि बाकीच्या छापखान्याच्या माळ्यावर पडून राहिल्या.

खुशाल १९७६ मध्ये वारला. शेवटचे काही महिने त्याने सुनेला, कौशल्याबाईला, रोज घाटावर नेलं. तोवर त्या घरातली बाई कधी डोंग्यावर चढली नव्हती. लोकांनी नावं ठेवली. कौशल्याबाईने ऐकून घेतलं आणि बांबू हातात धरला. तिलाही वाचता येत नव्हतं. सासऱ्याने तिला माझी पानं मोजायला शिकवलं. नजर घाटाच्या पायऱ्यांवर, अंगठा माझ्या कडेवर. तिच्या अंगठ्याने माझ्या पानांचे कोपरे मऊ झाले. डोंग्यात शाळेची पोरं असायची, कोतवाल असायचा, कधी दवाखान्याची नर्स. सगळ्यांनी मला आळीपाळीने वाचलं. पाच वर्षांत एकही डोंगा कलला नाही. सिहोऱ्याच्या बाजारात लोक म्हणायचे, पाथरटोल्याची बाई पुस्तकावर डोंगा चालवते. ते थट्टेने म्हणत, पण डोंग्यात बसताना मात्र निर्धास्त बसत.

इथवर सगळं छान चाललं होतं. आता पोपट येतात.

सिहोऱ्याच्या बाजूला काठावरच भैय्यालाल शेठचा बिडीचा कारखाना होता, दोन पोपट छाप. आमच्या गावातल्या बायका घरी सुपात तेंदूपान घेऊन बिड्या वळायच्या आणि आठवड्यातून एकदा टोपल्या घेऊन माझ्याच डोंग्यातून कारखान्यात पोहोचवायच्या. एकदा शेठ स्वतः डोंग्यात बसले. कोणीतरी मला मोठ्याने वाचलं, सगळे शांतपणे ऐकत होते. शेठ माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, माझा मजकूर आवडला असेल. पण नंतर कळलं, त्यांचं लक्ष मजकुराकडे नव्हतंच. इतकी माणसं एकाच वेळी, तोंड मिटून, एका पुस्तकाकडे कान लावून बसली होती, हेच त्यांना आवडलं होतं.

महिन्याभरात शेठ गुरुजींच्या घरी हजर झाले. गुरुजी तेव्हा निवृत्त होऊन तुमसरला राहत होते. शेठचं म्हणणं असं की असलं अनमोल पुस्तक माळ्यावर वाळवी खातेय, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. कारखाना सगळ्या प्रतींना नवी बांधणी करून देईल, नवं कव्हर देईल, गावोगाव फुकट वाटेल. फक्त नाव थोडं बदलायचं. 'दोन पोपट छाप बिडी नौका-मार्गदर्शिका.' गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वाळवीची गोष्ट खोटी नव्हती. त्यांनी एकच अट घातली की माझ्या मजकुराचं एक अक्षरही बदलायचं नाही. शेठनी छातीवर हात ठेवून शब्द दिला, आणि मित्रांनो, मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते की त्यांनी तो शब्द पाळला. एक अक्षर बदललं नाही. जे केलं ते अक्षरांना हात न लावता केलं.

माझी शिवण तेव्हा खरंच कुजली होती. ओल्या हातांनी मी आठ पावसाळे उघडली गेले होते. दोन पानं सुटायला आली होती आणि कौशल्याबाईला धाक होता की एक पान जरी गळालं तरी मोजणी चुकेल. म्हणून कारखान्याचे मुनीम वासुदेवराव जुनी प्रत मागायला आले तेव्हा तिने मला खुशीने दिलं. मला फडक्यात गुंडाळताना तिने मुनिमांना सांगितलं, "एक बी पान कमी नोको करजा." वासुदेवराव म्हणाले की कमी कशाला, उलट जास्तच करून देऊ. ते थट्टा करत नव्हते.

बांधणीवाल्याने माझी जुनी शिवण उसवली. दर तीन पानांनंतर एक नवं पान घातलं. त्यावर हिरव्या शाईत दोन पोपट एकाच बिडीकडे बघत बसलेले. माझ्या मागच्या बाजू कोऱ्याच होत्या, तिथे छापलं असतं तर मी एकदाचं सोसलं असतं. पण मागच्या बाजूला कोण बघतं, असं शेठचं म्हणणं पडलं. आणि मग त्यांना सुचली ती पट्टी. माझ्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर, जिथे पायरीचं नाव होतं बरोबर तिथे, खळ लावून कागदाची एक पट्टी चिकटवली: 'दोन पोपट छाप बिडी, एकदा ओढा, नेहमी ओढा.' पायरी पहिली गेली, पायरी दुसरी गेली, बाराच्या बारा गेल्या. खळीत मोरचूद घातलं होतं, म्हणजे वाळवीही ती पट्टी खाणार नव्हती. नवं कव्हर चकचकीत होतं. त्यावर खुशालचं नाव नव्हतं. गुरुजींचं होतं, मागच्या बाजूला, अगदी खाली, शेठच्या फोटोच्या पायाशी.

माझ्या नव्याण्णव बहिणींचं काय झालं ते ऐकाल तर कपाळावर हात माराल. गुरुजींनी घरची प्रतही शेठला देऊन टाकली होती. नवी मिळेल तेव्हा ठेवू, म्हणाले. सगळ्या वाटल्या गेल्या त्या पानठेल्यांवर. तुमसरच्या ठेल्यांवर गेल्या, भंडाऱ्याच्या ठेल्यांवर गेल्या, नाकाडोंगरीच्या जंगलाकाठी जिथे डोंगा कोणी स्वप्नातही पाहत नाही तिथे एक प्रत दोरीने टांगली होती. पाथरटोल्याच्या घाटाच्या पायऱ्यांचं ज्ञान घेऊन ती बिचारी तिथे सुपारीच्या बरणीशेजारी लोंबकळत होती. इश्वर खाणीवरून येता-जाता तिला पाहायचा. त्याने घरी येऊन सांगितलं तेव्हा मला हसावं की रडावं ते कळेना.

कौशल्याबाईने नवं कव्हर पाहिलं. सासऱ्याचं नाव कुठे आहे ते तिने बोटाने शोधलं. 'खु' हे एक अक्षर तिलाही ठाऊक होतं. ते सापडलं नाही. पावसात मला पदराखाली धरायची तिची सवय होती, ती तिने तेव्हापासून सोडली. मी डोंग्याच्या फळीखाली पडून राहू लागले. माझा काय दोष होता, सांगा. तरी मनात म्हटलं, निदान पावसाळ्यात माझी गरज लागेल.

त्या वर्षी, म्हणजे १९८१ साली, पाऊस लांबला. श्रावण संपेपर्यंत नदी तिसऱ्या पायरीच्या वर आली नाही. पहिली तीन पानं आपल्या जागेवरच होती, त्यामुळे मोजणी बरोबर येत गेली आणि कोणाच्या काही लक्षात आलं नाही. मी मात्र रोज नदीला हात जोडत होते की बाई, चौथी पायरी चढू नकोस.

आणि याच पावसाळ्यात, भाद्रपदात, शेठनी माझा नामकरण सोहळा ठेवला. कारण काय, तर तालुक्याच्या मोठ्या पाहुण्यांना तीच तारीख मोकळी होती. पलीकडे कारखान्याच्या आवारात मांडव पडला. कौशल्याबाईला साडी-नारळ देऊन सत्कार करायचा, मला फुलांच्या तबकात ठेवून पाहुण्यांच्या हातात द्यायचं, आणि मांडव भरायला गावातल्या बिडी वळणाऱ्या बायकांनी यायचं. न येणाऱ्या बाईला पुढच्या आठवड्यात तेंदूपान मिळणार नाही, असं वासुदेवरावांनी आदल्या दिवशी हसत हसत सांगून ठेवलं होतं. सगळ्यांना वाचता येत नव्हतं, पण असल्या हसण्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

आदल्या दिवशीपासून वरच्या भागात पाऊस कोसळत होता. सकाळी कौशल्याबाई घाटावर आली तेव्हा पाणी नवव्या पायरीवर होतं. एका दिवसात तीनची नऊ. पाणी तांबडं आणि मुकाट. घाटावर अकरा बायका ठेवणीतल्या लुगड्यांत उभ्या होत्या. सगळ्यात पुढे गोदावरीबाई, कौशल्याबाईची जुनी मैत्रीण. तिच्या घरात तिच्याशिवाय वळणारं कोणी नव्हतं, म्हणून ती सगळ्यात आधी आली होती. मुनीम वासुदेवराव छत्री धरून घड्याळात बघत होते.

कौशल्याबाई म्हणाली, पाणी फार आहे. वासुदेवराव म्हणाले, मग पुस्तक कशासाठी आहे? त्यातच बघू या. मित्रांनो, मला वाटलं आता तरी मला नीट विचारतील. कौशल्याबाईने मला फळीखालून काढलं. नजर पायऱ्यांवर ठेवली आणि अंगठ्याने मोजायला लागली. एक, दोन, तीन. मग चौथ्याच्या जागी पोपट. तिच्या अंगठ्याला काय कळणार, तो कागदही माझ्याच जातीचा होता. पाच, सहा, सात. आठव्याच्या जागी पुन्हा पोपट. नऊ. तिने उघडलं आणि मुनिमांच्या हातात दिलं. ते माझं सातवं पान होतं.

मी त्या वेळी किती ओरडले म्हणून सांगू. पण पोथीला आवाज दुसऱ्याच्या तोंडूनच मिळतो, आणि माझा आवाज त्या वेळी वासुदेवरावांच्या तोंडात होता. त्यांनी आधी पट्टीवरची बिडीची ओळ ठसक्यात वाचली. मग खालचा मजकूर वाचला, की वडाच्या मुळापासून डोंगा सोडावा, सहापेक्षा जास्त माणसं घेऊ नयेत, नाक वरच्या खडकाकडे ठेवावं, मधला प्रवाह लागला की बांबू टाकून वल्हं धरावं. वाचून झाल्यावर मला मिटून ते म्हणाले, झालं तर मग, सहा-सहाच्या दोन खेपा करू.

पहिल्या खेपेसाठी गोदावरीबाई पुढे झाली. तिने एक पाय डोंग्यात ठेवला.

कौशल्याबाई जागची हलली नाही. ती सातवं पान दर पावसाळ्यात ऐकत आली होती. वडाचं मूळ, सहा माणसं, वरचा खडक, हे तिला झोपेतही म्हणता आलं असतं. नववं पान तिने तोवर एकदाच ऐकलं होतं, सासरा असताना, आणि ते ऐकताना म्हाताऱ्याचे हात कसे थरथरत होते ते तिला आठवत होतं. शब्द आठवत नव्हते, हात आठवत होते.

ती म्हणाली, "गोदा, पाय काढ. हे नवाचं पान नाही होय."

वासुदेवरावांचा धीर सुटला. त्यांनी मला तिच्यासमोर धरलं, मोजायला लावलं. तिने पुन्हा मोजलं, पुन्हा तेच पान. ते म्हणाले की बाई, छापलेलं खरं की तुझ्या मनातलं खरं? सुधारून छापलंय, शेठनी स्वतः लक्ष घातलंय, पाहुणे येऊन बसलेत. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांच्या मनात तेंदूपान होतं. कोणी म्हणालं, पोथीत आहे तर जाऊन येऊ. माझ्यावरच्या विश्वासाने माणसं मरायला निघाली आहेत, हे मी उघड्या डोळ्यांनी बघत होते. याहून वाईट वेळ पुस्तकावर येऊ नये.

तेव्हा कौशल्याबाईने माझ्या पानाच्या डोक्यावरून बोट फिरवलं. तिथे पट्टीची जाड कड बोटाला लागली. पाच वर्षं तिने माझ्या पानांना हात लावला होता, ही कड तिथे कधी नव्हती. ती वाकली, आणि मला डोक्याकडून नदीत बुडवलं.

पोथीला पाण्याची केवढी भीती असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. मला माझा शेवट आला असं वाटलं. पण खळ शेवटी पिठाचीच. गढूळ पाण्यात ती सुटू लागली आणि कौशल्याबाईच्या नखाने पट्टी सालीसारखी निघून आली. तिने मला ओलीच पुन्हा मुनिमांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आता वाचा जी. वरून वाचा."

वासुदेवरावांनी वाचलं. आवाज आधीचा नव्हता. "पायरी सातवी."

कौशल्याबाईने माझं पुढचं पान भिजवलं. आठवी. त्याच्या पुढचं भिजवलं. पट्टी निघाली. वासुदेवरावांनी छत्री मिटून काखेत धरली आणि दोन्ही हातांनी मला धरून वाचलं:

"पायरी नववी. डोंगा सोडू नये. साहेब आला, सोयरा आला, लग्नाचा मुहूर्त टळत असला, तरी सोडू नये. कोणी रागावले तर रागावू द्यावे. घाटावर बसावे, गप्पा कराव्या, पाण्याकडे पाठ करू नये. माझा भाऊ गेला होता."

बस, एवढंच होतं नवव्या पानावर. गोदावरीबाईने डोंग्यातला पाय केव्हाच काढला होता. ती पायरीवर बसली, मग दुसरी बसली, मग सगळ्या बसल्या. वासुदेवराव उभेच होते. थोड्या वेळाने वरून एक अख्खं झाड वाहत आलं, मुळांसकट. सातव्या पानावरच्या वाटेने गेलो असतो तर जिथे वल्हं धरायचं तिथेच ते झाड फिरलं, आडवं झालं आणि आत गेलं. आम्ही सगळे वाट पाहत राहिलो. ते वर आलं नाही. मग वासुदेवरावही बसले.

पलीकडून लाउडस्पीकर ऐकू येत होता. सोहळा आमच्यावाचून अडला नव्हता. पाहुण्यांनी दोन पोपट छाप बिडी नौका-मार्गदर्शिकेचं नाव तीनदा घेतलं आणि या पुस्तकाने किती जणांचे प्राण वाचवले याबद्दल शेठचे आभार मानले. टाळ्याही झाल्या. अलीकडे घाटावर बायका ते ऐकत होत्या. कोणी हसलं नाही. गोदावरीबाई म्हणाली, "कोणाचं नाव घेऊन राहिले ते?" आणि कौशल्याबाईने ओल्या पदराने माझं अंग टिपायला सुरुवात केली.

पुढे काय झालं म्हणता? वासुदेवरावांनी शेठला सांगितलं की पुस्तक भिजून खराब झालं, आणि त्या आठवड्यात कोणाचं तेंदूपान थांबलं नाही. एवढं त्यांनी केलं, नाही म्हणू नये. त्याच आठवड्यात गुरुजी तुमसरहून आले. वर्षानुवर्षं खडू धरून कोरडे पडलेले त्यांचे हात माझ्या फुगलेल्या पानांवरून फिरत राहिले. ते म्हणाले, "मी त्यांच्याकडून एक अक्षर न बदलण्याचं वचन घेतलं होतं. बाकी सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, मला दिसलं नाही." कौशल्याबाईने त्यांना चहा दिला. दुपारी त्या अकराही बायका ओट्यावर बसल्या. बिड्या वळून त्यांची बोटं हलकी झाली होती. एकेक पट्टी भिजवून त्यांनी अलगद काढली, पोपटांची पानं उसवली आणि गुरुजींनी स्वतः दोऱ्याने मला पुन्हा शिवलं. चकचकीत कव्हर चुलीत गेलं. पोपटांची हिरवी शाई मात्र ओली होऊन शेजारच्या पानांवर उतरली होती. तेच हे डाग.

नदीवर १९८७ साली पूल झाला आणि डोंगा काठावर उलटा पडला. मी आता कौशल्याबाईच्या घरी कोनाड्यात असते. मला कव्हर नाही, नावही नाही. परवा एक खतांच्या कंपनीचा माणूस गाडीवरून आला होता. त्याला माझी आवृत्ती काढायची आहे, नव्या नावाने, रंगीत. तो माझ्या थोरवीबद्दल पुष्कळ बोलला. कौशल्याबाईने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि त्याला माझी पानं मोजायला सांगितली. तो हसला. त्याला वाटलं ती थट्टा करते आहे. मग ती म्हणाली, "मोजता येत नसन तर नावही ठेवू नोका."

मित्रांनो, पुस्तकाला कव्हर घाला, शिवण सुटली तर शिवा, वाळवीपासून जपा. कोणी प्रेमाने छापून देत असेल तर जरूर छापून घ्या आणि त्याचे आभार माना, मागच्या कोऱ्या बाजूवर हवे तेवढे माना. पण पानाच्या डोक्यावर जे लिहिलेलं असतं ते झाकू देऊ नका. तिथे कोणाचा तरी भाऊ असतो.

पावसाळ्यात नदी चढली की गोदावरीबाई अजून येते. आता तिला डोंग्याने कुठेच जायचं नसतं. ती मला कोनाड्यातून काढते, उंबऱ्यात बसते आणि अंगठ्याने एकेक पान मोजत जाते. नऊवर थांबते, पान उघडत नाही, नुसता अंगठा ठेवून बसते. पान बरोबर आपल्या जागेवर असतं.